वृद्धत्व सर्वांना एका पातळीवर आणते की जुनी विषमता वाढवते? नागपूरच्या अभ्यासासाठी मार्गदर्शन हवे

वैदर्भी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात समाजशास्त्रात एम. ए. करते आहे आणि लघुप्रबंधासाठी शहरातील ज्येष्ठ नागरिकांचे जीवनमान हा विषय घेतला आहे. प्रश्नावली तयार झाल्यावर मी प्रथम धरमपेठ आणि लक्ष्मीनगर या सुखवस्तू भागांत, सकाळी बागेत जमणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलाखती घेतल्या. उत्तरे बहुतांशी एकाच वळणाची आली. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत, घर मोठे आणि राहणारी माणसे दोनच, गुडघे आणि रक्तदाब यांच्या तक्रारी, आणि दुपारचा वेळ जाता जात नाही.

त्यानंतर तीच प्रश्नावली घेऊन मी इंदोरा, पाचपावली आणि तांडापेठ या कष्टकरी वस्त्यांत गेले, तेव्हा निम्मे प्रश्न लागूच पडेनात. "निवृत्त होऊन किती वर्षे झाली?" असे मी इंदोऱ्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "रिटायर म्हंजे काय वो बाई? हातपाय चालून राह्यले तोवर काम." जन्मतारखेच्या रकान्यापाशीही असेच अडले. त्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही तारीख आणि ६२ वर्षे वय नोंदलेले आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी आई आपल्याला कडेवर घेऊन दीक्षाभूमीवर गेली होती, असे त्या ठामपणे सांगतात. तसे असेल तर त्यांची सत्तरी उलटायला आलेली आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. वय वाढते तशी माणसांमधील वर्ग, जात आणि लिंग यांवर आधारलेली विषमता कमी होते की वाढते, याबद्दल समाजशास्त्र काय म्हणते? आणि बागेतील व वस्तीतील मुलाखती एकत्र करून 'नागपुरातील ज्येष्ठ नागरिक' असा एकच निष्कर्ष काढणे योग्य ठरेल का? माझ्या मार्गदर्शकांचा कल तसा दिसतो, पण माझे मन त्याला तयार होत नाही.


निवृत्त प्राध्यापक

वैदर्भीताई, तुमची प्रश्नावली जिथे अडली तिथेच तुमच्या प्रबंधाचे सूत्र आहे, तेव्हा त्या दोन प्रकारच्या मुलाखती कृपया एकत्र करू नका.

वृद्धत्वाच्या समाजशास्त्राच्या आरंभीच्या काळात एक मोठा सिद्धांत मांडला गेला, तो कमिंग आणि हेन्री या संशोधकांचा, १९६१ सालचा. म्हातारपणी माणूस आणि समाज परस्परांपासून हळूहळू दूर होत जातात आणि हे दूर होणे स्वाभाविक व सार्वत्रिक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण अमेरिकेतील ज्या कॅन्सस सिटी शहरातील अभ्यासावर हे प्रतिपादन उभे होते, त्यातील माणसे प्रकृतीने बरी आणि पैशाची फारशी चणचण नसलेली होती. बागेत भेटणाऱ्या ज्येष्ठांवरून साऱ्या शहराच्या वृद्धत्वाचा नियम सांगावा, तसेच ते झाले. वयाच्या आधारे माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये 'एजिझम' हे नाव दिले आणि वृद्ध हा भेदभाव सोसणारा गट आहे ही जाणीव रुजली. तिचे मोल मोठेच आहे. मात्र तिच्यातही एक धोका राहिला, तो असा की सगळे वृद्ध एकाच रांगेत उभे केले गेले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तीन अंगांनी शोधले गेले आहे. एका मतानुसार वय हे समतल करणारे असते, कारण शरीराची झीज, जोडीदाराचा वियोग आणि कामाचा शेवट गरिबाला चुकत नाही तसा श्रीमंतालाही चुकत नाही. दुसरे मत दुहेरी ओझ्याचे आहे. जो आधीच वंचित गटात आहे त्याच्यावर म्हातारपणाचे दुसरे ओझे पडते आणि अंतर वाढते, असे ते म्हणते. डाउड आणि बेंगट्सन यांनी १९७८ मध्ये लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन आणि गौरवर्णीय लोकांची तुलना केली, तेव्हा उत्पन्न आणि स्वतःच्या प्रकृतीबद्दलचे मत या बाबतींत दुहेरी ओझे दिसले, पण नातेवाइकांच्या भेटीगाठी आणि जीवनाबद्दलचे समाधान यांत अंतर कमी होताना आढळले. म्हणजे 'विषमता वाढते की घटते' या प्रश्नाला 'कशातील विषमता?' असा प्रतिप्रश्न करावाच लागतो. तुमच्या प्रश्नावलीत पैसा, प्रकृती, नाती आणि मान हे चार विषय एकाच गुणांकात मिसळले असतील तर ते आधी वेगळे करा.

तिसरे मत मला सर्वांत बळकट वाटते. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानाच्या क्षेत्राबद्दल दाखवले होते की ज्यांच्याकडे आधीच नाव आहे त्यांच्याकडे श्रेय अधिकाधिक जमा होत जाते. डेल डॅनेफर यांनी १९८७ मध्ये हाच विचार वृद्धत्वाला लावला. एकाच वर्षी जन्मलेली मुले विशीत जेवढी एकमेकांसारखी असतात त्यापेक्षा साठीत ती कितीतरी अधिक भिन्न झालेली असतात. आणि हे केवळ स्वभावामुळे होत नाही, तर शाळा, नोकरी, घर, विमा आणि निवृत्तिवेतन या व्यवस्था छोट्या फरकावर चक्रवाढ व्याज चढवत राहतात म्हणून होते. दहावी पास होऊन ऑर्डनन्स फॅक्टरीत कायम झालेला एक भाऊ आणि सातवीत शाळा सुटून रिक्षा ओढू लागलेला दुसरा भाऊ यांच्यातील तीन इयत्तांचे अंतर साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन, पक्के घर आणि शाबूत गुडघे एवढे मोठे झालेले असते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती पद्धतीची आहे. अमेरिकेत जेम्स हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की वरच्या थरातील लोकांना जे आजार उतारवयात जडतात ते खालच्या थरातील लोकांना मध्यमवयातच गाठतात. दोन्ही थरांतील प्रकृतीचे अंतर मध्यमवयात सर्वाधिक असते आणि पुढे ते कमी होताना दिसते. ते पाहून वय समतल करते असे म्हणण्याचा मोह होतो. पण अंतर कमी दिसण्याचे एक कारण असे की गरिबांतील सर्वांत खंगलेली माणसे तोवर मरून गेलेली असतात, आणि जी उरतात ती मुळातच काटक असतात. दुसरे असे की अमेरिकेत ६५ नंतर जवळपास सर्वांना सरकारी निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याचा आधार मिळतो. आपल्याकडे तो आधार तुटपुंजा आहे, त्यामुळे तेथील आलेख उचलून येथे लावता येणार नाही. तांडापेठेत ऐंशी वर्षांचे एखादे खणखणीत विणकर आजोबा भेटले तर त्यांची मुलाखत जरूर घ्या, पण त्यांच्याबरोबर खड्ड्याच्या हातमागावर बसलेल्यांपैकी आज कितीजण हयात आहेत, हेही त्यांनाच विचारा.


त्रिमूर्तीनगरवासी

मी स्वतः ज्येष्ठ नागरिक मंडळाचा सभासद आहे आणि प्राध्यापक महोदयांच्या मांडणीबद्दल मला आदर आहे. तरीही एक हरकत नोंदवावीशी वाटते. बागेत बसणाऱ्यांना सुखवस्तू म्हणून बाजूला सारले, तर अभ्यास दुसऱ्या बाजूने एकांगी होईल. आमच्या मंडळातील एका सभासदांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला आहे. घरात पैसा आहे, पण रात्री तीन वाजता दार उघडून निघालेल्या बाईला आवरणारे त्या घरात दुसरे कोणी नाही. ते दुःख कमी प्रतीचे आहे, असे कोणी म्हणू नये.

शिवाय मंडळात एकत्र बसणारे आम्ही सारे एकसारखे आहोत, हा समजही तपासून पाहावा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्म्यापर्यंत निवृत्तिवेतन मिळते आणि महागाई भत्त्याबरोबर ते वाढते. त्याच बाकावर बसलेल्या खासगी कंपनीतील निवृत्ताला १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पैसे मिळतात, ज्यांची किमान मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि ज्यांना महागाई भत्ता नाही. दोघांनी आयुष्यभर सारखेच काम केलेले असू शकते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत आलेल्यांना जुनी योजना लागू नव्हती, म्हणजे पुढच्या पिढीच्या बागेतील बाकावरील चित्र आणखी वेगळे असेल.

स्त्रियांचा मुद्दा तर आमच्या मंडळातही उघडपणे बोलला जात नाही. पती निवर्तल्यावर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्म्यावरून साधारणपणे ३० टक्क्यांवर येते, पण घराचा मालमत्ता कर, विजेचे बिल आणि औषधे ३० टक्क्यांवर येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के विधवा होत्या आणि पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के विधुर होते, तेव्हा हा प्रश्न अपवादाचा नाही. मंडळाच्या सहलीला पूर्वी पतीबरोबर उत्साहाने येणाऱ्या वहिनी नंतर वर्गणीचे नाव निघाले की "तब्येत बरी नाही" असे सांगू लागतात. मुलाखतीत त्या पैशाच्या अडचणीचे खरे कारण सांगणार नाहीत, कारण शेजारच्या खुर्चीवर मंडळाचे सचिव बसलेले असतात.


वस्तीतील कार्यकर्ती

त्रिमूर्तीनगरचे काका म्हणतात ते मान्य आहे. दुःखाची तुलना करू नये. परंतु मदतीच्या दारापर्यंत कोण पोचतो याची तुलना करावीच लागते, आणि मी उत्तर व पूर्व नागपुरातील वस्त्यांत वृद्धांचे अर्ज भरण्याचे काम करत असल्यामुळे त्याबद्दलच लिहिते.

वैदर्भी, तू भेटलेल्या आजींच्या आधारवरील वयाला अभ्यासातील किरकोळ अडचण समजू नकोस. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ लागते. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २०२४ पासून आयुष्मान भारतखाली मिळते, पण तिथे वय आधारवरून मोजतात. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, आणि वाहक कार्डच बघतो. ६५, ७० आणि ७५ या तिन्ही पायऱ्या त्या आजींसाठी आठ-नऊ वर्षे दूर ढकलल्या गेल्या आहेत, कारण त्या कधी शाळेतच गेल्या नाहीत आणि त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदणी करणाऱ्याने अंदाजाने वर्ष लिहिले आणि १ जानेवारी टाकला. ज्याच्या घरी जन्मतारीख लिहून ठेवण्याची सोय होती त्याचे वय खरे ठरते आणि ज्याच्या घरी ती नव्हती त्याला आपले म्हातारपण सिद्ध करावे लागते. सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो, असे नियमात आहे. तो मिळवण्यासाठी मात्र चकरा माराव्या लागतात, आणि प्रत्येक चकरेला एका दिवसाची मजुरी बुडते.

उत्पन्नाची अट याहून कठीण आहे. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. चार घरची भांडी घासणारी कोणतीही बाई खरे उत्पन्न सांगेल तर अपात्र ठरेल. १,५०० रुपये महिना मिळवण्यासाठी तिला एकतर काम सोडावे लागेल किंवा तहसील कार्यालयात खोटे बोलावे लागेल, आणि या दोहोंपैकी एकही पर्याय देणारी व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. यात केंद्राचा वाटा किती, तेही पाहा. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ मध्ये ७५ रुपयांवर सुरू झाले, पुढे साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी ते २०० रुपये झाले, आणि इतक्या वर्षांच्या महागाईनंतरही ते तिथेच आहे.

एक प्रसंग सांगते, कारण तो आकड्यांत दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका बाईंना घेऊन मी हयातीच्या पडताळणीसाठी एका केंद्रावर गेले होते. त्यांनी अंगठा टेकवला, यंत्राने नाकारला. बोट पुसले, दुसरा हात, मग एकेक करून दहाही बोटे. चाळीस वर्षे राख, वाळू आणि पुढे भांड्यांच्या पावडरीने घासून घासून बोटांवरच्या रेषाच उरल्या नव्हत्या. केंद्रावरचा मुलगा चांगला होता, त्याने त्यांच्या बोटांना व्हॅसलिन लावून पुन्हा प्रयत्न केला. तरी जमले नाही. बाई मला म्हणाल्या, "पोरी, मी जिती हाओ हे तू सांग ना त्याले." ज्यांनी कार्यालयात लेखणी चालवली त्यांचा अंगठा पहिल्याच वेळी उमटतो. कामाचे स्वरूप म्हातारपणी शरीरावर उरते आणि यंत्रापुढे पुन्हा आडवे येते, हे तुझ्या प्रबंधात कुठेतरी यायला हवे.


मिल कामगाराचा मुलगा

प्राध्यापक सरांनी व्यवस्थांबद्दल जे लिहिले आहे त्यात नागपूरचा स्वतःचा इतिहास जोडावासा वाटतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला; देशात असे काही फारसे कुठे नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. म्हणजे कापड कामगाराचे म्हातारपण सुरक्षित असू शकते, हे या शहराने फार लवकर पाहिले होते. ती मिल २००२ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर आज मॉल उभा आहे.

माझे वडील शहरातील दुसऱ्या एका मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते. मिल बंद पडली तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. त्याच खात्यातील ५७ वर्षांचे एक काका हिशेब घेऊन घरी बसले, त्यांची मुले तोवर कमावती झाली होती. पंचविशीतला एक जण बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत लागला. वडिलांच्या वयाची माणसे मात्र मधल्यामध्ये अडकली, कारण नवे काम शिकायला कोणी घेईना आणि म्हातारा म्हणूनही कोणी मानेना. त्यांनी महाल भागात एका दुकानी हिशेब लिहिले, मग रात्रपाळीची चौकीदारी केली, माझ्या बहिणीच्या लग्नात भविष्यनिर्वाह निधीचे उरलेले पैसे गेले. आज ते सत्तरीपुढे आहेत. त्यांचे वृद्धत्व ४९ व्या वर्षीच ठरले होते, असे मला वाटते.


निवृत्त प्राध्यापक

आपण वडिलांबद्दल जे लिहिले आहे, त्याला या शाखेत फार मोठे स्थान आहे. ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातील अमेरिकी महामंदीत वाढलेल्या मुलांबद्दल अनेक वर्षे जमवलेल्या माहितीचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाच आपत्तीचा परिणाम ती कोणत्या वयात गाठते यावर अवलंबून असतो, हे त्यातून पुढे आले. मिल बंद पडली तेव्हा तुमचे वडील, ते काका आणि पंचविशीतला तरुण एकाच फाटकातून बाहेर पडले, पण तिघांच्या म्हातारपणाच्या वाटा तिथे फुटल्या. वैदर्भीताई, प्रश्नावलीत आजचे उत्पन्न विचारता तसे 'तुमचे कायमचे काम कोणत्या वर्षी आणि का सुटले?' हेही विचारा. या एका प्रश्नातून नागपूरचा अर्धशतकाचा औद्योगिक इतिहास हाती येईल.

कार्यकर्त्या ताईंनी वयाच्या पायऱ्यांबद्दल लिहिले आहे, त्याला एक जोड देतो. व्यास, हाथी आणि गुप्ता यांनी २०२२ मध्ये नऊ राज्यांतील आकडेवारीवरून दाखवले की उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान आदिवासींमध्ये चार वर्षांहून अधिक आणि दलितांमध्ये तीन वर्षांहून अधिक कमी आहे, मुस्लिमांमध्ये ते सुमारे एक वर्षाने कमी आहे. आणि केवळ आर्थिक स्थितीतील फरकाने या तफावतीचा पुरता उलगडा होत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे नागपूरला लावू नयेत. विचार मात्र लागू होतो. सत्तरीची अट कागदावर सर्वांना समान असते, पण सत्तरीपर्यंत पोचण्याची शक्यता समान नसते, आणि त्यामुळे समान वयोमर्यादेतूनही लाभ वरच्या थराकडे अधिक जातो.


वैदर्भी

सर्वांचे मनापासून आभार. त्रिमूर्तीनगरच्या काकांनी सचिवांच्या उपस्थितीबद्दल लिहिले ते वाचून मी बागेतील स्त्रियांच्या मुलाखती त्यांच्या घरी जाऊन पुन्हा घेण्याचे ठरवले आहे. आता विषयाचे शीर्षक 'नागपुरातील वृद्धत्वातील विषमता : काम, कागदपत्रे आणि निवृत्तिवेतन' असे करावे असा विचार आहे. एक शंका उरते. लघुप्रबंधासाठी मला साठ मुलाखतींपेक्षा जास्त घेणे शक्य नाही. जात, वर्ग, लिंग आणि धर्म असे सगळे भाग पाडले तर प्रत्येक गटात दोन-तीन माणसेच उरतात. मग काय करावे?


निवृत्त प्राध्यापक

साठ मुलाखतींतून टक्केवारी काढू नका, म्हणजे ही शंका बरीचशी मिटेल. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडले की वंश आणि लिंग यांचे परिणाम वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज केली तर कृष्णवर्णीय स्त्रीचा अनुभव त्या बेरजेत सापडत नाही. इंदोऱ्यातील त्या आजी आधी दलित, मग स्त्री, मग गरीब, मग वृद्ध अशा चार कप्प्यांत बसत नाहीत. त्यांचे जन्मवर्ष चुकणे, शाळा न मिळणे, घरकाम मिळणे आणि निवृत्तिवेतन न मिळणे या एकाच साखळीच्या कड्या आहेत. त्यामुळे गट कामावरून पाडा : सरकारी निवृत्त, खासगी निवृत्त, बंद मिलचे कामगार, विणकर आणि घरकामगार. प्रत्येक गटात स्त्रिया पुरेशा घ्या. मिलच्या आणि विणकरांच्या गटांत त्या कामगार म्हणून नोंदलेल्या नसल्या तरी कांडी भरणाऱ्या, सूत उकलणाऱ्या बायका त्याच घरांत सापडतील. आणि वयाची अट साठीवर अडवू नका. घरकामगारांच्या बाबतीत पन्नाशीपासून घ्या. देशपातळीवरील पार्श्वभूमीसाठी मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेचे २०१७-१८ चे वृद्धत्वविषयक सर्वेक्षण पाहा. त्यात ४५ वर्षांपुढील सुमारे ७२,००० लोकांचा समावेश आहे आणि तुमचे गट त्या मोठ्या चित्रात कुठे बसतात हे त्यावरून दाखवता येईल.


वस्तीतील कार्यकर्ती

घरकामगार बायकांकडे सकाळी जाऊ नकोस, त्या दुपारी दोन-अडीचनंतर घरी येतात आणि पाचला पुन्हा निघतात. तेवढ्यात जेवण आणि नळाचे पाणी दोन्ही उरकायचे असते, म्हणून मुलाखत अर्ध्या तासापेक्षा लांबवू नकोस. मे महिन्यात तर पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. मुलाखती फेब्रुवारीपर्यंत उरकलेल्या बऱ्या. वयाचा रकाना दोन भागांत कर, एक आधारवरील वय आणि दुसरे त्यांनी सांगितलेले, आणि दुसऱ्यासाठी धम्मदीक्षा, लग्न, पहिले मूल अशा खुणा विचार. ज्यांच्या दोन वयांत मोठा फरक निघेल त्यांची नावे त्यांच्या परवानगीने मला कळव. त्यांच्या वयाच्या दाखल्याचे अर्ज आपण लगेच भरून घेऊ. त्यासाठी तुझा प्रबंध पूर्ण होण्याची वाट पाहायला नको.